बर्लिनला घेतलेलं सोव्हिएत ‘रेड स्टार’ विकू का ठेवू? (आणि या मेडल-बाजाराचं नक्की चाललंय काय?)

स्प्रीकाठचा_विनू
मंडळी, मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र, आज पहिल्यांदा धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. २००७ साली कंपनीने बर्लिनला पाठवलेलं, रविवारी सगळं बंद, खोलीवर बसून किती पोहे खाणार म्हणून तिथल्या एका जुन्या बाजारात भटकायचो. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर लोकरी टोप्या, दुर्बिणी आणि एका ताटात लाल चांदण्या मांडलेल्या. त्यातली एक उचलली तर हाताला चांगली जड लागली, मधे बंदूक घेतलेला सैनिक, मागे स्क्रू आणि गोल चकती. ३५ युरो म्हणाला, मी आपल्या तुळशीबागेच्या संस्कारांना जागून ३० ला आणलं. पैसे दिल्यावर त्याने त्याच खोक्यातून एक छोटं पुस्तक काढून हातात कोंबलं, वर "कागद फुकट" असं काहीसं म्हणाला. पुस्तकात शाईने लिहिलेलं रशियन, मला ओ की ठो कळलं नाही.

तेव्हापासून दोन्ही वस्तू कपाटात. आता तिकडच्या एका ओळखीच्या माणसाने घेतलं त्याच्या चौपट पैसे देतो म्हणून मेसेज केलाय, आणि गंमत म्हणजे त्याने आधी पुस्तकाचे फोटो मागितले, चांदणीचे नंतर! हे काय प्रकरण आहे? विकावं का? की थांबलो तर अजून वाढेल? सोनं घेतलं असतं तर बरं झालं असतं असं बायको म्हणतेय, ते सोडून सांगा.

खडूस_नाणेवाला
वहिनींचं बरोबर आहे. 😀

ते ऑर्डर ऑफ द रेड स्टार, सोव्हिएत लष्करी पदक (ऑर्डर म्हणजे साध्या मेडलच्या वरच्या दर्जाचं). १९३० साली सुरू झालं, चांदीचं, एका नगात साडेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास चांदी. एकूण ३८ लाखांच्या वर दिली गेली, म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. मागे "मोनेत्नी द्वोर" म्हणजे टांकसाळीचं नाव आणि खाली नंबर असेल. नंबर हाताने कोरलेला दिसतो का बघ. आणि एक काम कर, नोटा तपासायचा तो जांभळा लाइट मिळतो ना दीडदोनशेला, रात्री दिवे घालवून तो चांदणीच्या पाचही टोकांवर मार. मग पुढचं बोलू.

ओझरची_पोर
अय्या, माझ्याकडे पण आहेत असले! बाबा ओझरला मिग फॅक्टरीत होते, सुरुवातीच्या काळात रशियन इंजिनियर यायचे ते मुलांना बिल्ले वाटायचे. बिस्किटाचा अख्खा डबा भरून आहे. लेनिन, गागारिन, अस्वल, ट्रॅक्टर, काय वाट्टेल ते. मी करोडपती झाले का?

खडूस_नाणेवाला
नाही. त्यांना झ्नाच्की म्हणतात, ॲल्युमिनियमचे किंवा पितळेचे बिल्ले. तिकडे शाळा, कारखाने, शहरं, क्रीडास्पर्धा प्रत्येकाचे बिल्ले निघायचे, आणि लोक गोळा करून एकमेकांत बदलायचे. पदक वेगळं आणि बिल्ला वेगळा. डबा जपून ठेव, बाबांची आठवण म्हणून.

ओझरची_पोर
एवढं तोंडावर नको हो सांगायला, जरा पाणी पिऊन सांगायचं.

न्यूजर्सीचे_नाना
विनू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. "कागद फुकट". मी १९९६ पासून हा नाद करतोय (घरचे व्यसन म्हणतात), आणि या तीसेक वर्षांत बाजार कसा फिरला ते त्या दोन शब्दांत आलं.

सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा. सोव्हिएत पदकांचा एक विशेष म्हणजे त्यांवर नाव नसतं. ब्रिटिशांच्या पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर कडेला शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, आपल्याकडच्या जुन्या घरांतून ती अजून निघतात. सोव्हिएत ऑर्डरवर फक्त नंबर. कोणाला दिलं हे कळायचं तर सोबतची ओर्देन्स्काया क्निझ्का हवी, तेच तुमचं पुस्तक. त्यात माणसाचं नाव आणि त्याच्या प्रत्येक पदकाचा नंबर ओळीने लिहिलेला असतो. "जर्मनीवरील विजय" सारख्या सरसकट वाटलेल्या मेडलवर तर नंबरही नाही, ती दीड कोटीच्या आसपास दिली गेली, तिथे वस्तूवरून माणूस शोधायची सोयच नाही.

आता ९० च्या दशकात पुस्तकं कोणाला वाचता येत होती? इथे अमेरिकेत पदकांच्या शोमध्ये टेबलावर मखमलीच्या ट्रेमध्ये पन्नास पन्नास रेड स्टार लावलेले असायचे, आणि पुस्तकं खाली पुठ्ठ्याच्या खोक्यात, मूठभर घ्या. माल आणणारेही पदकं एका पिशवीत आणि कागद दुसऱ्या पिशवीत टाकून आणायचे. एका माणसाची सात पदकं सात गिऱ्हाइकांना. मीही तेव्हा असंच घेतलंय, एकेक नमुना, अल्बम भरायचा आणि खूश व्हायचं. आज त्याच पदकांना सुटं सुटं विकलं तर जेमतेम, आणि तीच सात पुस्तकासकट एकत्र असतील तर भाव कुठल्या कुठे.

एक_शंका
पण एवढा माल बाहेर आला कसा? लोक आपली युद्धातली पदकं विकतात?

डॉ_खारकोव्ह
हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी १९९० ते ९६ खारकोव्हला मेडिकलला होतो (आता खारकीव म्हणायचं, आयडी तेव्हाचा आहे, बदलायचा कंटाळा). १९९२ साली रशियात एका वर्षात भाव पंचवीसपटीहून जास्त वाढले, युक्रेनमध्ये पुढच्या वर्षी त्याहून वाईट. आयुष्यभर साठवलेल्या पैशात महिन्याचा किराणा येईना. मेट्रोच्या भुयारी रस्त्यात आज्या रांगेने उभ्या असायच्या, एकीच्या हातात मांजराचं पिल्लू, एकीच्या हातात लोणच्याची बरणी, आणि एकीच्या हातात रुमालावर मांडलेली नवऱ्याची पदकं. कोणी ओरडून विकायचं नाही, नुसत्या उभ्या. आम्ही पोरं स्टायपेंडवर, पण डॉलर असणारा कोणीही तेव्हा राजा होता.

आमच्या वर्गातल्या एकाने (मराठी नव्हता, पण असता तरी फरक पडला नसता) मूठभर घेऊन ठेवली होती, जाताना सामानात घालून नेतो म्हणाला. नेली की नाही माहीत नाही.

न्यूजर्सीचे_नाना
डॉक्टर, अगदी हेच. आणि दुसरा नळ जर्मनीचा. पूर्व जर्मनीत सोव्हिएत फौजा तीन लाखांवर होत्या, शेवटचे लोक ऑगस्ट १९९४ मध्ये निघाले, जाताना टोप्या-पट्ट्यांपासून जे विकता येईल ते विकून गेले. बर्लिनच्या टेबलांवर इतका माल का होता त्याचं कारण हे.

२००० नंतर वारं फिरलं. रशियात तेलाचा पैसा आला आणि रशियन बोलणारी मंडळी इथल्या शोमध्ये रोख घेऊन यायला लागली. आम्ही वीस-तीस डॉलरला घेतलेलं ते शंभर म्हटलं तरी न बोलता उचलायचे. चांगला माल परत गेला. मी पण अलेक्झांडर नेव्हस्की नावाच्या ऑर्डरचं एक पदक तेव्हा विकलं, त्या पैशात मुलीच्या दाताच्या तारा झाल्या, अजून हळहळतो (तारांसाठी नाही, नेव्हस्कीसाठी).

साताऱ्याचा_फौजी
नाना, राग मानू नका पण हे वाचून बरं वाटलं न्हाई. आमच्या तीन पिढ्या फौजेत. मेडल ही काय बाजारात मांडायची वस्तू हाय का? ज्याने रक्त सांडलं त्याच्या छातीवरची वस्तू तुम्ही अल्बमात चिकटवणार आणि पुन्हा नफा मोजणार.

न्यूजर्सीचे_नाना
सुभेदार साहेब, राग कशाला. तुम्ही म्हणता ते मलाही अधूनमधून टोचतं. फक्त एक सांगतो, मी घेतली नसती तर त्यातली बरीच चांदी म्हणून मोडीत गेली असती.

साताऱ्याचा_फौजी
मोडीचं म्हणता तर आमच्याच घरचं सांगतो. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला होते, चांदीचं मेडल होतं, राजाचं तोंड असलेलं. आजीने एका दुष्काळात ते सराफाकडे दिलं आणि उरलेल्या चांदीत स्वतःची जोडवी केली. जोडवी आईकडे हायेत. आता आजीला काय बोलणार. तिला ज्वारी आणायची होती.

सराफकट्टा
साहेब, अशी मेडलं आमच्या दुकानात माझ्या लहानपणी नियमित यायची. १९८० च्या जानेवारीत चांदी जगभर भडकली तेव्हा तर इंग्लंडातसुद्धा पहिल्या महायुद्धाची चांदीची मेडलं ढिगाने वितळवली.

आता सोव्हिएतचं गणित सांगतो, मी त्यातला नाही पण धातूतला आहे. ऑर्डर ऑफ लेनिन घ्या. त्यात शुद्ध सोनंच २८.६ ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांच्या वर, शिवाय मधलं लेनिनचं डोकं प्लॅटिनमचं, ते २.७५ ग्रॅम. २००१ ला सोनं औंसाला २७० डॉलरच्या आसपास होतं, तेव्हा त्यातल्या सोन्याची किंमत धरा अडीचशे डॉलर. ऑक्टोबर २०२५ मध्ये औंस ४००० डॉलरच्या वर गेला, मग तेवढंच सोनं ३६०० डॉलरच्या पुढे. म्हणजे शौकिनाने काही द्यायच्या आधीच धातूने पायरी वर नेऊन ठेवली. गोल्ड स्टार, म्हणजे "सोव्हिएत संघाचा वीर" या किताबाबरोबरची सोन्याची चांदणी, ती साडेएकवीस ग्रॅम.

यात धोका असा की ज्याला कागद नाही, नंबर घासलेला आहे, मीना (इनॅमल) उडालेला आहे असं सोन्याचं पदक आता शौकिनापेक्षा भट्टीवाल्याला विकणं सोपं. सोनं ९५० चं, म्हणजे हजारात साडेनऊशे भाग शुद्ध.

खडूस_नाणेवाला
+१. आणि इथेच नवशिके फसतात. ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर, पहिला वर्ग. युद्धकाळातल्यात खरं सोनं आहे. पण विजयाला चाळीस वर्षं झाली म्हणून १९८५ ला जिवंत असलेल्या माजी सैनिकांना लाखोंनी वाटलं ते चांदीवर सोन्याचा मुलामा. लांबून सारखंच दिसतं. आपल्याकडे एका प्रदर्शनात एक गृहस्थ १९८५ चं "सोन्याचं, स्टालिनग्राडचं" म्हणून विकत होते, मी काही बोललो नाही, खडूस असलो तरी भांडखोर नाही.

विनू, लाइट मारलास का?

स्प्रीकाठचा_विनू
मारला. मुलगा पण उठून आला बघायला. चार टोकं काळपट, पाचवं, डावीकडचं खालचं, त्यावर नखाएवढा ठिपका निळसर-पांढरा चमकतोय! दिवसा बघितलं तर काहीच दिसत नाही, हुबेहूब लाल. हे काय आहे??

खडूस_नाणेवाला
डागडुजी. खरं इनॅमल म्हणजे काच, ती भट्टीत भाजून बसवलेली. टोक आपटलं की टवका उडतो, मग कोणीतरी त्यात लाल इपॉक्सी नाहीतर सरळ नेलपॉलिश भरतं. काच त्या उजेडात गप्प बसते, रेझिन बोलतं. भिंगाखाली बघ, भरलेल्या भागावर बारीक बुडबुडा किंवा ब्रशचा फराटा दिसेल. सुईचं टोक हळूच टेकवलं तर काचेवर घसरतं, रेझिनमध्ये रुततं. (रुतवत बसू नकोस.)

बर्लिनच्या म्हाताऱ्याने तुला तुळशीबागेची परतफेड केली.

स्प्रीकाठचा_विनू
लोल. म्हणजे भाव पडला का?

न्यूजर्सीचे_नाना
सुटी चांदणी असती तर पडला असता. पुस्तक असल्यामुळे लोक टवका चालवून घेतात. आता पुस्तकातला नंबर आणि चांदणीच्या पाठीवरचा नंबर जुळतो का ते बघा, अंकांचं वळण नीट बघा. हा महत्त्वाचा मुद्दा आहे कारण जसा कागद महाग झाला तसे ठगही शहाणे झाले. पूर्वी खोटं म्हणजे ओतीव, जड, कडा गुळगुळीत, सैनिकाच्या चेहऱ्याला नाक नाही, लगेच कळायचं. आता काय करतात, खोक्यातली अनाथ पुस्तकं घेतात ज्यातली पदकं हरवलीत, आणि खरंच पदक घेऊन त्याचा नंबर घासून पुस्तकातला कोरतात. पदक खरं, पुस्तक खरं, लग्न खोटं. घासलेल्या जागी चांदी जराशी खोलगट आणि जास्त चकचकीत दिसते, तिरप्या उजेडात धरा.

म्हणून कोणाकडे नुसतं पुस्तक असेल तर त्याचे नंबर इंटरनेटवर टाकू नका, कृपया.

एक_शंका
रशियात राहणाऱ्यांनाच हे सोपं असेल ना मग? तिकडे दुकानात मिळत असतील.

डॉ_खारकोव्ह
उलट. रशियाच्या फौजदारी कायद्यात कलम ३२४ आहे, सरकारी पदकांची खरेदी-विक्री गुन्हा, आणि त्यात सोव्हिएत काळातलीही येतात. मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारात बिल्ले, टोप्या उघड, पण ऑर्डर मागितली की विकणारा इकडेतिकडे बघतो. आणि कायदा का आहे त्याला इतिहास आहे. १९८३ साली मॉस्कोत व्हाइस ॲडमिरल खोलोस्त्याकोव्ह, सोव्हिएत संघाचे वीर, ऐंशी पार केलेले, त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा राहत्या घरात खून झाला, निव्वळ पदकांसाठी. मारणारं एक जोडपं होतं, पत्रकारितेच्या नावाखाली घरात शिरलेलं. अशी जोडपी म्हाताऱ्या माजी सैनिकांना गाठून गप्पा मारायची, एकाने पाणी मागून त्यांना आत पाठवायचं की दुसऱ्याने कोटावरची पदकं काढायची.

ओझरची_पोर
बापरे. अंगावर काटा आला. मला वाटलेलं हा छान छान छंदाचा धागा आहे.

बाळूमामाचा_भाचा
आता कोण घेतंय हो रशियाचं काही? युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून लाल चांदणी लावून फिरलात तर युरोपात मार खाल. भाव शून्य होणार, लिहून ठेवा.

न्यूजर्सीचे_नाना
भाचे, शून्य झाला नाही, तुकडे झाले. मार्च २०२२ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल सगळ्यांनी रशियातलं काम थांबवलं, ईबेनेही तिकडची पाठवणी बंद केली. म्हणजे रशियन गिऱ्हाईक एका आठवड्यात नाहीसं, आणि तिथून येणारा मालही नाहीसा. आता जे बाहेर आहे तेच आपापसांत फिरतं. रोज दिसणाऱ्या गोष्टी, साधी मेडलं, १९८५ वाली, त्यांना गिऱ्हाईक पातळ झालंय. पण एकाच माणसाच्या पदकांच्या ज्या गटांची पूर्ण कहाणी काढून झालीये त्यांना तोटा नाही, कारण तशी नवी तयार होणं आता कठीण.

हे जरा फोडून सांगतो. २०१० मध्ये रशियाच्या संरक्षण खात्याने "पोद्विग नारोदा" नावाची साइट काढली, युद्धातल्या सन्मानांचे हुकूम स्कॅन करून टाकले, पुढे "पाम्यात नारोदा" आली. नाव टाका, कंपनी कमांडरने त्या शिपायाबद्दल हाताने लिहिलेला कागद समोर. बाजार त्या दिवशी उलटा झाला असं माझं मत. पण तिथे शोध नावावरून, नुसत्या नंबरावरून माणूस लागत नाही. त्यासाठी मॉस्कोजवळ पोदोल्स्कच्या लष्करी अर्काइव्हमधली कार्डं चाळावी लागतात, पैसे घेऊन ते काम करून देणारे लोक होते. आता त्यांना पैसे पाठवायचे कसे? माझी चार पदकं नुसते नंबर होऊन पडलीत.

डॉ_खारकोव्ह
भाच्यासाठी एक. लाल सैन्यात लाखो युक्रेनियन होते. १९४३ ला काढलेल्या बोग्दान ख्मेल्नित्स्की ऑर्डरवर तर नाव युक्रेनियन वळणाने लिहिलंय. माझ्या घरमालकिणीचा नवरा पायदळात होता, त्याचं "झा ओत्वागु" तिने काचेच्या कपाटात ठेवलेलं, चांदीचं गोल मेडल, वर तीन विमानं, खाली टी-३५ रणगाडा, मधे लाल अक्षरं. ओत्वागा म्हणजे धाडस. ऑर्डरपेक्षा हे मेडल जास्त मानायचे लोक कारण ते हेडक्वार्टरात बसून सहसा मिळत नसे. तिचा नातू हल्ली कशात आहे ते सांगायला नको. ते मेडल आता कपाटात असेल का, विकलं असेल, की इमारतच नसेल, काही कळायला मार्ग नाही. तेव्हा रशियाचं म्हणून सगळं एका पोत्यात घालू नका. लिथुआनियात २००८ पासून सोव्हिएत चिन्हं जाहीर मिरवायला बंदी आहे, त्यांची कारणं त्यांच्याजागी खरीच आहेत.

बाळूमामाचा_भाचा
(प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
राजकारणाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चालला आहे, पदकांवर राहा.

साताऱ्याचा_फौजी
मी एक भर घालतो, चिडून झालं आता. दुसऱ्या महायुद्धात इराणमार्गे रशियाला रसद जायची, त्यात आपल्या इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे ट्रकवाले होते. त्यातल्या दोघांना १९४४ साली हेच रेड स्टार मिळालं, सुभेदार नारायण राव निकम आणि हवालदार गजेंद्र सिंह चंद. निकम वाचून माझे कान टवकारले, पण ते मद्रास इलाख्यातले. चंद पिथोरागढचे. विनू, तुझ्याकडची वस्तू म्हणजे नक्की काय ते आता समजलं असल.

ओझरची_पोर
वा फौजी काका! आणि राकेश शर्मांना पण वीर केलेलं ना १९८४ ला?

खडूस_नाणेवाला
हो, गोल्ड स्टार आणि त्याबरोबर ऑर्डर ऑफ लेनिन, दोन्ही जोडीनेच मिळायची.

स्प्रीकाठचा_विनू
मंडळी, तीन दिवस गायब होतो कारण पुस्तक वाचून घेत होतो. पुण्यात रशियन शिकवणाऱ्या एक बाई ओळखीच्या निघाल्या, त्यांनी पंधरा मिनिटांत सगळं वाचलं, मी अठरा वर्षं कपाटात ठेवलेलं.

नंबर जुळतोय. नाना, तिरपा उजेड पण पाडला, घासल्याची खूण नाही. नंबर ३० लाखांच्या वरचा आहे. आणि मी इतकी वर्षं मित्रांना सांगायचो की हा माणूस बर्लिन जिंकायला आला होता, राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर चढला असेल वगैरे. पुस्तकात रेड स्टारची तारीख १९५४ ची आहे.

खडूस_नाणेवाला
हाहा. सेवेची पंधरा वर्षं भरल्याचं. १९४४ ते ५७ पर्यंत ठराविक नोकरी झाली की ऑर्डर मिळायची, १५ वर्षांना रेड स्टार, २० ला रेड बॅनर, २५ ला थेट लेनिन. ३८ लाखांतली कितीतरी तशीच आहेत. १९५७ ला ती पद्धत बंद केली.

साताऱ्याचा_फौजी
पंधरा वर्षं नोकरी ही काय गंमत न्हाई. १९५४ ला पंधरा म्हणजे १९३९ चा भरती. अख्खं युद्ध त्यात गेलं की बाबा.

स्प्रीकाठचा_विनू
काका, तिथेच येतोय. पुस्तकात पाच ओळी आहेत. रेड स्टार शेवटून दुसरी. सगळ्यात वरची ओळ "झा ओत्वागु", १९४३, नंबरासकट. बाईंनी त्या साइटवर नाव, जन्मसाल टाकलं आणि खरंच निघाला, तोच. सिग्नलचा शिपाई. कमांडरने लिहिलंय की एका रात्रीत गोळीबारात टेलिफोनची तार तीनदा तुटली, तीनदा हा रांगत जाऊन जोडून आला, तिसऱ्या वेळी हाताला लागलं होतं तरी कोणाला सांगितलं नाही. एवढंच, चार ओळी. टाइपरायटरवर, एका ठिकाणी अक्षर चुकलंय ते पेनने नीट केलंय. बाई वाचताना मधेच थांबल्या, मीही काही बोललो नाही.

नाव इथे लिहीत नाही, नातवंडं असतील कुठेतरी.

न्यूजर्सीचे_नाना
विनू, आता तुमच्या त्या ओळखीच्याने आधी पुस्तकाचे फोटो का मागितले ते कळलं ना? त्याने नाव शोधून ठेवलेलं असणार. चौपट म्हणजे त्याने तुम्हाला चांदणीचे पैसे देऊ केले, चार ओळींचे नाही.

सराफकट्टा
आमच्या धंद्यात याला गिऱ्हाइकाच्या तोंडावर न हसणे म्हणतात.

ओझरची_पोर
विकू नकोस!!

एक_शंका
पण ठेवून तरी काय करणार? तुझ्यानंतर मुलगा काय करेल त्याचं?

स्प्रीकाठचा_विनू
माहीत नाही. मुलगा सध्या तो जांभळा लाइट घेऊन घरभर फिरतोय, फरशीचे डाग शोधतोय.

त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. चांदणीच्या टवक्याला हात लावणार नाही, नेलपॉलिश आहे ते राहू दे.

नाना, तुम्हाला एक काम सांगतो, जमलं तर. पाचपैकी माझ्याकडे एक, उरलेली चार कुठेतरी सुटी विकली गेली. "झा ओत्वागु" चा नंबर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, इथे टाकत नाही, तुम्हीच म्हणालात तसं कोणीतरी कोरून आणेल. तुमच्याकडच्या जुन्या शोच्या याद्या, लिलावांचे कॅटलॉग, मित्रांचे अल्बम जे काय असेल त्यात नजर ठेवा. चांदी कितीही काळी पडलेली असली, रिबन नसली तरी चालेल.

न्यूजर्सीचे_नाना
व्यनि मिळाला. माझ्याकडेच अकरा "ओत्वागु" आहेत, ९० च्या दशकातली, कागद नसलेली. आज रात्री ट्रे काढतो.

न्यूजर्सीचे_नाना
अकरापैकी एकही नाही. एक नंबर शेवटच्या दोन आकड्यांनी हुकला, बायकोला उठवलं होतं मी त्या नादात. उद्या पेनसिल्व्हेनियाच्या मित्राला फोन करतो, त्याच्याकडे साठेक आहेत.